पुलाखालचं पाणी

आमच्या ओपीडीत रोज निदान एक तरी बाई "अंग बाहेर येतं" म्हणून येते. पुस्तकात याला पेल्विक ऑर्गन प्रोलॅप्स म्हणतात, माहितीपत्रकात "गर्भाशय खाली सरकणे" असं छापलेलं असतं. बायका मात्र "अंग" म्हणतात. तेही पदर तोंडाशी धरून, कंबरदुखी, पांढरं जाणं वगैरे सगळं सांगून झाल्यावर, अगदी शेवटी. "कधीपासून हो मावशी?" म्हणून विचारावं तर उत्तर येतं, "धाकट्याच्या वेळेपासून." धाकटा बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला मिशा असतात.

इतकी वर्षं बाई ते रोज हाताने आत ढकलत असते. लघवी पूर्ण होत नाही, मांडी घालून बसता येत नाही, साडीला घासून घासून जखम होते. पण सांगायचं कोणाला? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला होता, आणि त्याआधी तशी तपासणी कधी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. त्यात अंग बाहेर येणं हा एकच आजार नव्हता, पण अंगावर काढायची सवय तीच.

आज मात्र मला या बायकांपेक्षा त्यांच्यावर ऑपरेशन करायला शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल लिहायचंय. मी गेली बरीच वर्षं एका मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात शिकवते. दर वर्षी नवे रेसिडेंट येतात, तीन वर्षांत एमएस होऊन बाहेर पडतात, आणि त्यानंतर कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एकटे उभे राहून हेच ऑपरेशन करतात. तिथे मागे कोणी नसतं. म्हणजे जे काही शिकवायचं, ते या तीन वर्षांत.

परवा ओळखीतल्या एका सुशिक्षित बाईंनी आईच्या ऑपरेशनबद्दल विचारताना हळूच म्हटलं, "तुमच्याकडे शिकाऊ डॉक्टर तर हात लावणार नाहीत ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण याचं खरं उत्तर कोणालाच आवडण्यासारखं नाही. जगातल्या प्रत्येक सर्जनने पहिलं ऑपरेशन कोणावर तरी केलेलं असतं. आणि आपल्याकडे तो "कोणीतरी" बहुतेक वेळा सरकारी नाही तर महापालिकेच्या दवाखान्यातला असतो. हा प्रश्न ज्याला विचारता येत नाही, असा माणूस. ओळखीच्या बाईंच्या आईला मी सांभाळून घेईन. पण ज्या आजींना हा प्रश्न सुचतच नाही, त्यांचं काय? त्यांच्या वतीने तो प्रश्न कोणी विचारायचा? मला वाटतं, शिकवणाऱ्याने. रोज, ओटीत शिरताना.

आता हे ऑपरेशन शिकवायला अवघड का, ते सांगते. सिझेरियन शिकवणं तुलनेने सोपं. पोट उघडलं की समोर सगळं दिसतं, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी दोघं उभे असतात, माझा हात चुकीच्या दिशेला गेला तर समोरच्याला दिसतो आणि त्याचा मला. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर भिंतीवरच्या पडद्यावर अख्ख्या ओटीला दिसतं. अगदी मावशींनासुद्धा. अंगाचं ऑपरेशन मात्र खालून, योनीमार्गे होतं. पोटावर कुठेही टाका नाही, पेशंट दुसऱ्या दिवशी चालायला लागते. बाईच्या दृष्टीने उत्तमच. पण आतली जागा दोन-तीन बोटं मावतील एवढी. ऑपरेशन करणारा स्टुलावर बसतो, त्यालाच काय ते दिसतं. डावी-उजवीकडे रिट्रॅक्टर धरून वाकलेल्या दोन असिस्टंटना दिसतो सर्जनच्या हाताचा मागचा भाग. मी स्वतः शिकत असताना अशा कित्येक केसेसना "असिस्ट" केलंय, ज्यात माझा खांदा आणि मान सोडून कोणालाच काही कळलं नाही.

या न दिसण्याची एक जुनी हकीकत आमच्या क्षेत्रात सांगतात. १८१३ साली जर्मनीत कॉनराड लांगेनबेक नावाच्या सर्जनने योनीमार्गे गर्भाशय काढलं. बाई जगली, बरी झाली. पण समव्यवसायिकांचा विश्वासच बसेना. मदतीला होता तो माणूस थोड्याच दिवसांत वारला, काढलेली पिशवी हरवली, आणि त्या बाईला काही नीट सांगता येईना. तब्बल २६ वर्षांनी ती म्हातारी होऊन वारली तेव्हा शवविच्छेदनात गर्भाशय नाही हे सिद्ध झालं आणि लांगेनबेक खरा ठरला. मी ही गोष्ट रेसिडेंटना सांगते. ती ऐकून सगळे हसतात. मग मी विचारते, "तुम्ही काल जे केलंत, त्याचा साक्षीदार कोण?" मग हसू थांबतं.

माझ्या मते या ऑपरेशनच्या शिक्षणातली सगळी मेख इथेच आहे. इथे हात शिकवण्याआधी, जे दिसत नाही ते कळायला शिकवावं लागतं. आणि न दिसणाऱ्या गोष्टी एक नाही, दोन आहेत. एक आत असते. दुसरी नंतर येते.

आधी आतली. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी जी नळी असते, युरेटर, ती गर्भाशयाच्या मुखाच्या बाजूने जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवरून जाते, आणि गर्भाशयाच्या धमनीच्या बरोबर खालून. विद्यार्थ्यांना हे पाठ व्हावं म्हणून जगभर एकच वाक्य शिकवतात: पुलाखालून पाणी. धमनी म्हणजे पूल, युरेटर म्हणजे पाणी. सर्जनला पूल बांधायचा असतो, म्हणजे धमनी टाक्याने बांधायची असते, आणि पाण्याला धक्का लागता कामा नये. आता अंग पूर्ण बाहेर आलेलं असेल तर मूत्राशयही ओढलं जाऊन खाली आलेलं असतं आणि त्याच्याबरोबर युरेटरही. म्हणजे पुस्तकातल्या चित्रात नळी जिथे आहे, तिथे ती नसते. टाक्यात नळी सापडली आणि ते त्याच दिवशी लक्षात आलं तर टाका सोडता येतो. नाही आलं, तर एक मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होऊ शकतं. बाई घरी जाते, अंग बसलेलं असतं, सगळे खूश असतात.

मग हे शिकवायचं कसं? तर बोटाने. आत एक बोट आणि बाहेरच्या बाजूने रिट्रॅक्टर, या दोन्हींच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखी ती नळी जाणवते. ओल्या सुतळीसारखी, दाबली की सटकन निसटणारी. मी आधी बोट घालून ती शोधते, मग रेसिडेंटला म्हणते, आता तू शोध. "लागली मॅडम" असं फार लवकर आलं की मी म्हणते, "सांग कशी लागली." ज्याला खरंच लागलेली असते त्याचा चेहराच वेगळा होतो. वर्षानुवर्षं चित्रात पाहिलेली गोष्ट बोटाखालून निसटते, तो क्षण पाहायला मलाही आवडतो. त्यानंतर धमनी बांधताना त्या मुलाला "जपून" म्हणून सांगावं लागत नाही. ऑपरेशन संपायच्या आधी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही बाजूंनी लघवीची पिचकारी येते का ते बघायचं. पाचेक मिनिटांचं काम आहे. सगळीकडे ती सोय नसते, मान्य. पण जिथे आहे तिथेही "उशीर झालाय, पुढची केस घ्या" म्हणून ते राहून जाताना मी पाहिलंय.

सर्जरीच्या शिक्षणात एक जुनी म्हण आहे: एक बघा, एक करा, एक शिकवा. ऐकायला झकास. पण जे बघताच येत नाही तिथे ती लागू कशी पडणार? आमच्या युनिटमध्ये आम्ही ऑपरेशनचे तुकडे केलेत. पाणी आणि औषध टोचून थर मोकळे करणं हा एक तुकडा. मूत्राशय वर सरकवणं हा दुसरा. मागचा कप्पा उघडणं, बंध (लिगामेंट्स) बांधणं, धमनी बांधणं, मूत्राशयाची आणि गुदाशयाची भिंत दुरुस्त करणं, पेरिनियम शिवणं... एका केसमध्ये रेसिडेंटने एकच तुकडा करायचा, बाकीचं मी करताना बघायचं. तो तुकडा दोन-तीन जणींमध्ये नीट जमला की पुढचा. सुरुवात पेरिनियमपासून, कारण ते बाहेर असतं, दिसतं. मूत्राशय सगळ्यात शेवटी. अख्खं ऑपरेशन सलग करायची पाळी येईपर्यंत त्याचा प्रत्येक तुकडा हाताखालून गेलेला असतो. त्याआधी टाके घालायचा सराव टेबलावर. योनीमार्गे गर्भाशय काढण्याचा सराव करायला साध्या कुंडीपासून मॉडेल बनवतात, ते हल्ली बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खोल, अरुंद जागेत सुई फिरवायची सवय त्यात होते. हात बसायला तेवढं पुरतं, आणि कुंडीला रक्तस्राव होत नाही.

पण हात बसणं हा अर्धाच भाग. ओटीत जाण्याआधी रेसिडेंटने मला कागदावर काढून दाखवायचं की या बाईचं नेमकं काय खाली आलंय. त्यासाठी १९९६ पासून जगभर एकच मोजपट्टी आहे, पीओपी-क्यू. हायमेन म्हणजे शून्य, त्याच्या आत उणे, बाहेर अधिक, आणि एकूण नऊ मोजमापं सेंटीमीटरमध्ये. मुलांना सुरुवातीला याचा भयंकर कंटाळा येतो. "ग्रेड थ्री" म्हणून मोकळं व्हायचं असतं. पण मोजल्याशिवाय कळत नाही की पुढची भिंत आलीय, मागची आलीय, का वरचा आधारच सुटलाय.

हा वरचा आधार फार महत्त्वाचा. पेशंट आणि नातेवाईक म्हणतात, "पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटली." दुर्दैवाने काही डॉक्टरही तसंच समजतात. मी मुलांना शिंक्याचं उदाहरण देते. (पुण्या-मुंबईच्या मुलांना आधी शिंकं म्हणजे काय ते सांगावं लागतं, ते सोडा.) छताला टांगलेल्या शिंक्याची दोरी सैल झाली आणि मडकं खाली आलं, तर मडकं काढून टाकल्याने दोरी घट्ट होते का? नाही. उद्या त्याच शिंक्यातून दुसरं काहीतरी खाली येणार. गर्भाशय बिचारं निर्दोष असतं, दोरी तुटलेली असते. अमेरिकेतल्या डॉ. जॉन डीलॅन्सी यांनी १९९२ साली या आधाराच्या तीन पातळ्या मांडल्या. वरची टांगणारी, मधली बाजूंना धरून ठेवणारी, खालची पेरिनियमची. तेव्हापासून हे समजावणं सोपं झालंय. पिशवी काढल्यावर वरचं टोक पुन्हा मजबूत बंधाला टांगणं, हे खरं ऑपरेशन. नेमका हाच टाका युरेटरच्या सगळ्यात जवळून जातो. म्हणून भिऊन तो वरवर घेतला जातो किंवा घेतलाच जात नाही. सुरक्षित वाटतं खरं, पण दोन-तीन वर्षांनी तीच बाई पुन्हा "अंग आलं" म्हणून परत येते.

आणि पिशवी काढायलाच हवी असं तरी कुठेय? आपल्याकडे लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं आणि लगेच शेतावर काम, यामुळे पंचविशीतल्या मुलींचंही अंग बाहेर यायचं. त्यांना अजून मूल हवं असायचं. त्यांच्यासाठी मुंबईच्या सर्जन्सनी वेगळी ऑपरेशनं शोधून काढली. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भपिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी, पण गर्भाशय टेपने मागे त्रिकास्थीला टांगायचं त्यांचं ऑपरेशनही तितकंच विचारपूर्वक केलेलं आहे. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी गर्भाशयाचं तोंड पुढे पोटाच्या स्नायूंच्या आवरणाला बांधायची पद्धत काढली. ही नावं आमच्या मुलांना तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून पाठ असतात. मला मात्र वाटतं की त्यामागचा प्रश्न पाठ व्हावा: या बाईला काय हवंय? पंचविशीतलीला मूल हवं असेल. ऐंशीच्या आजींना, ज्यांचं हृदय लांब ऑपरेशन सोसणार नाही, त्यांना नुसती रिंग बसवूनही छान चालतं. काही जणींना स्नायूंचे व्यायाम पुरतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, चौकशी समितीही बसली. तिथे कारणं वेगळी सांगितली गेली होती, पण ऑपरेशन कधी करू नये हे न शिकलेला चांगला हात किती महागात पडू शकतो, याची आठवण म्हणून ते प्रकरण मी वर्गात काढते.

"हात चांगला आहे" ही आमच्याकडची सगळ्यात मोठी पदवी. कोणाचा हात चालतो, कोणाचा चालत नाही, हे पहिल्या सहा महिन्यांत ठरून जातं आणि मग तीन वर्षं पुसलं जात नाही. या पदवीचं मला भय वाटतं. एक प्रसंग सांगते. थर्ड इयरची एक मुलगी ऑपरेशन करत होती, मी शेजारी. बाईंचं आधी एक सिझेरियन झालेलं, त्यामुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं. हल्ली सिझेरियन वाढल्यामुळे असं वारंवार दिसतं. मुलीने कात्रीने दोनदा हलका प्रयत्न केला, आणि मग कात्री ट्रॉलीवर ठेवून म्हणाली, "मॅडम, मला थर मिळत नाहीये." ओटीत एकदम शांतता. भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं. आम्ही मागचा कप्पा आधी उघडला, मी मागून बोट वळवून पुढे आणलं, त्या बोटावर थर मोकळा केला, आणि मूत्राशयात निळं पाणी भरून कुठून गळत नाही ना ते पाहिलं. गळत नव्हतं. पुढचं ऑपरेशन तिनेच पूर्ण केलं.

संध्याकाळी चहा पिताना एक सहकारी म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण अजून हात बसला नाही." मी म्हटलं, "सर, माझ्या लेखी आज तिचा हात बसला." ते हसले. त्यांना गंमत वाटली बहुतेक. मला वाटली नाही. कात्री ठेवण्याआधी त्या मुलीने काय काय पणाला लावलं होतं ते मला माहीत होतं. परीक्षा चार महिन्यांवर होती. विभागात कोणाला केसेस द्यायच्या हे असल्याच शेऱ्यांवर ठरतं. तिसरा प्रयत्न केला असता तर कदाचित थर मिळालाही असता, आणि सगळे म्हणाले असते, वा, काय हात आहे! कदाचित मूत्राशय फाटलं असतं. ती पैज तिने त्या बाईंच्या शरीरावर लावली नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत याला एकही मार्क नाही.

थांबता यावं यासाठी एक अट मात्र आहे. ज्याला सांगायचं तो माणूस तिथे हवा. हात धुऊन, गाऊन घालून, शेजारी. रजिस्टरवर सरांचं नाव आणि ओटीत सेकंड इयर-थर्ड इयरची दोन मुलं, असं चित्र मी शिकत असताना एका ठिकाणी पाहिलंय. मुलं धीट होत होती, यात शंका नाही. "आम्ही असेच शिकलो" हे अजूनही अभिमानाने सांगणारे भेटतात. त्या शिकण्याची फी कोणी भरली, ते मात्र सांगत नाहीत. तसंच रात्रभर लेबर रूम सांभाळलेल्या मुलाला सकाळी मूत्राशयाचा तुकडा द्यायचा नाही, हा आमच्या युनिटचा नियम. मुलं कुरकुरतात, केस गेली म्हणून. कुरकुरू देत.

कोणी म्हणेल, एवढी हाताची, बोटाची कसरत कशाला, काहीतरी सोपं साधन काढा की. काढलं होतं. खाली आलेल्या भिंतीला आधार म्हणून योनीमार्गे कृत्रिम जाळी बसवायची. प्रोलॅप्ससाठी अशा पहिल्या जाळीला अमेरिकेच्या एफडीएने २००२ साली मान्यता दिली. मग तयार किट आले, लांब सुया बाहेरून आत अंदाजाने घालायच्या, जाळी ओढून घ्यायची, झालं. कंपन्यांच्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांमध्ये ते शिकवलं जायचं. न दिसणारं ऑपरेशन आणखी न दिसणारं झालं! जाळी योनीतून वर येणं, सतत दुखणं, संबंधांच्या वेळी वेदना, अशा तक्रारी वाढत गेल्या. २००८ मध्ये एफडीएने पहिली सूचना काढली, २०११ मध्ये अधिक कडक, आणि एप्रिल २०१९ मध्ये प्रोलॅप्ससाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये २०२० साली बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशी अहवालात या बायकांचं म्हणणं वर्षानुवर्षं कसं ऐकून घेतलं गेलं नाही, ते सविस्तर आलंय. (पोटातून बसवायच्या जाळ्यांची गोष्ट वेगळी, त्या अजून वापरतात.) शिकायला सोपं म्हणजे पेशंटला सुरक्षित असं नसतं, हे त्यातून मला पटलं.

आता दुसरी न दिसणारी गोष्ट. नंतरची.

अपेंडिक्स काढलं की काढलं. ते परत येत नाही. अंग मात्र परत येऊ शकतं. अमेरिकेत योनीमार्गे वरचा आधार बांधायच्या दोन पद्धतींची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काटेकोर व्याख्या लावली तर एका पद्धतीत सुमारे ६१ टक्के आणि दुसरीत सुमारे ७० टक्के बायकांमध्ये ऑपरेशन अयशस्वी धरावं लागलं. हे अनुभवी सर्जनांच्या हातून झालेलं! प्रत्यक्षात पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या बायका त्याहून खूप कमी होत्या आणि बहुतेकींचा त्रास कमी झालेलाच राहिला, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण आमचा रेसिडेंट असतो तीन वर्षं. त्याने थर्ड इयरला केलेलं ऑपरेशन पाच वर्षांनी कसं आहे, हे त्याला कधीच कळत नाही. टाके काढून पेशंट घरी गेली की त्याच्या दृष्टीने केस यशस्वी. शंभर जणींवर ऑपरेशन करूनही शंभर जणींचं पुढे काय झालं हे माहीत नसेल तर त्याला अनुभव कसा म्हणायचा?

म्हणून आमच्याकडे एक जाडजूड वही आहे. प्रत्येक बाईचं नाव, गाव, ऑपरेशनआधीची नऊ मोजमापं, कोणता तुकडा कोणी केला, आणि घरातल्या एखाद्याचा मोबाइल नंबर. सहा आठवड्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दर वर्षी फोन. फोन त्या तुकड्यावाल्या रेसिडेंटने करायचा. पास होऊन गेलेल्यांनाही मी मेसेज करून कळवते, तुझ्या अमुक गावच्या आजी येऊन गेल्या, पुढची भिंत अजून जागेवर आहे. किंवा नाही. बऱ्याच जणी येतच नाहीत. पेरणी असते, ऊस असतो, नंबर बदललेला असतो, आणि बरं वाटत असताना एसटीचं भाडं खर्चून दाखवायला कोण येणार? पण ज्या येतात त्या शिकवून जातात. सेकंड इयरच्या एका मुलाने डिस्चार्ज कार्डावर "जड वस्तू उचलू नये" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. वर्षाने बाई आल्या, मागची भिंत थोडी खाली. त्याने विचारलं, जड उचललंत का? "न्हाई वो डाक्टर, निस्ता पान्याचा हंडा." पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळं. तेव्हापासून तो कार्डावर लिहायच्या आधी सुनेला बोलावून घेतो आणि विचारतो, तीन महिने पाणी कोण भरणार? मला वाटतं, हे कोणत्याही टाक्याइतकंच महत्त्वाचं शिक्षण झालं.

राहिला तो पहिला प्रश्न, शिकाऊ डॉक्टर हात लावणार का हा. आम्ही तो आता पेशंटलाच सांगतो. आदल्या दिवशी, वॉर्डात, रेसिडेंटला शेजारी उभं करून. "आजी, ऑपरेशन आम्ही दोघं मिळून करणार. ही शिकतेय, मी पूर्ण वेळ तिच्याजवळ आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मी एकटी करेन, कोणी रागावणार नाही." फार क्वचित कोणी नको म्हणतं, आणि म्हटलं तर आम्ही ऐकतो. एका आजींनी त्या मुलीचे हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "शिक बाई. माझ्या सुईणीला पण कुणीतरी शिकिवलंच आसंल." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर घाई करू नगंस."

अजून कितीतरी करायचं राहिलंय. दुर्बीण एकच आहे आणि ती आम्ही शेजारच्या विभागाशी वाटून वापरतो. वहीतले फोन करायला वेगळा माणूस नाही. नव्या तुकडीतली दोन मुलं अंगाच्या ऑपरेशनपेक्षा लॅप्रोस्कोपीकडेच डोळे लावून बसलीत, त्यात त्यांची चूक नाही, तिथे निदान दिसतं तरी. त्यांना पुढच्या सोमवारच्या लिस्टला घेतलंय. तीन केसेस आहेत. एकीचं आधी सिझेरियन झालंय. कागदावर नऊ आकडे आणि एक चित्र काढून आणायला सांगितलंय, बघू काय आणतात ते.